तिसऱ्या बाजूचं वेल्डिंग

४ फेब्रुवारी

दादा,

खांब पोचला. ट्रकवाल्याने उतरवताना त्याचा एक कोपरा भिंतीला घासला आणि मी अशी काही ओरडले की अख्खी प्रयोगशाळा बघायला आली. मग तळाच्या प्लेटवर तुझ्या वर्कशॉपचा शिक्का दिसला आणि सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले. काय ही शोभा! पण या शहरात सहा वर्षं झाली, आणि माझ्या ओळखीचं असं इथे पहिल्यांदाच काही आलं. आता सकाळी सगळ्यांच्या आधी येते आणि त्याच्यावर एकदा हात ठेवून मग दिवे लावते. वेडी म्हण हवं तर.

तू विचारलं होतंस, एवढ्या एका खांबाचं करणार काय. सांगते. चार मजल्यांची इमारत भूकंपात कशी हलेल ते आम्हाला बघायचंय. अख्खी इमारत काही हॉलमध्ये मावत नाही. म्हणून तळमजल्याचा एक खांब खरा, तुझा, आणि उरलेली सगळी इमारत कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर म्हणतो, खांबाचं डोकं इतकं सरकवा. हायड्रॉलिक जॅक तेवढं सरकवतो. खांब उलटा किती जोर लावतो ते मोजायचं आणि कॉम्प्युटरला कळवायचं. त्यावरून तो पुढचं पाऊल सांगतो. पंधरा सेकंदांचा भूकंप असा पावलापावलाने करायला आम्हाला अर्धा दिवस लागतो.

खरी गोम पुढे आहे. पावलं मोठी घेतली की उत्तर ढोबळ येतं. म्हणून तीच चाचणी पुन्हा करायची, पावलं निम्मी करून. मग आणखी निम्मी. दर खेपेला उत्तर थोडं बदलतं, पण बदल कमी कमी होत गेला पाहिजे आणि शेवटी उत्तर एका जागी बसलं पाहिजे. बसलं तर आमची पद्धत खरी. नाही बसलं तर सहा वर्षं मी काय केलं ते विचारू नकोस. आमच्या मुख्य बाईंनी मार्चअखेरची मुदत दिली आहे. त्यानंतर हा सगळा पसारा गुंडाळायचा आणि मला सिमेंटचे ठोकळे फोडायच्या विभागात पाठवायचं, असं ठरलंय.

आणि एक भांडण आहे. पूर्वी तुझ्या एका पानात तीस ओळी असायच्या. परवाच्या पत्रात मी मोजल्या, चौदा! एवढालं अक्षर! पान भरायचं म्हणून भरलंस ना? मला सांगण्यासारखं काही उरलं नसेल तर तसं लिही बाबा. फोन तर तू वहिनी गेल्यावर काढूनच टाकलास, ऐकू येत नाही म्हणून. आता पत्रातही हात आखडता घेतलास तर मी कोणाशी बोलू?

चिमी


१३ फेब्रुवारी

चिमे,

आधी त्या ट्रकवाल्याची माफी माग. पोलाद आहे ते, काचेचं भांडं नव्हे.

ओळी मोजत बसतेस होय? लहानपणी पाढे म्हणायला बसवलं की मागच्या दाराने पळायचीस. अक्षर मोठं झालंय कारण चष्मा बदलला आणि नव्या चष्म्याशी माझं अजून जुळत नाही. तेवढंच आहे. लगेच नाक फुगवू नकोस.

तुमच्या त्या चाचणीचं वाचून गंमत वाटली. तो विचारतो, हा सांगतो, त्यावरून तो पुढचं विचारतो. आपण दोघं तरी वेगळं काय करतोय? फक्त माझं उत्तर पोचेपर्यंत तू भलत्याच भानगडीत अडकलेली असतेस.

इथलं बरं चाललंय. पैलवान आठवतो ना? दंड बघून नाव पडलं आणि झुरळ बघून किंचाळतो, तो. पंधरा वर्षं झाली त्याला माझ्याकडे वेल्डिंग करताना. हल्ली कामाचं बरंचसं तोच बघतो. संध्याकाळी शटर ओढलं की मी आत येऊन खिडकीशी बसतो. कोणी येत नाही. ते एका परीने बरंच आहे, ऐकू येत नसताना आलेल्या माणसाशी बोलायचं काय?

एक विचारायचं राहिलं. खांबाला जोर किती लावणार आहात? उगीच विचारतो.

दादा


२२ फेब्रुवारी

दादा,

जोर फार नाही, काळजी नको. खांब वाकणार नाही, नुसता हलेल, एवढाच. म्हणून तर एकाच खांबावर पुन्हा पुन्हा चाचणी घेता येते. वाकला असता तर दर वेळी नवा मागवावा लागला असता, आणि तू मला दारात उभं केलं नसतंस.

तीन चाचण्या झाल्या. आणि काहीतरी बिघडलंय.

पहिल्या वेळी, मोठ्या पावलांनी, खांबाचं डोकं जास्तीत जास्त एकेचाळीस मिलिमीटर सरकलं. पावलं निम्मी केली, त्रेचाळीस आलं. ठीक आहे म्हटलं. आता तिसऱ्यांदा साधारण चव्वेचाळीस यायला हवं होतं. आलं सेहेचाळीस! म्हणजे फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मी दोनदा आकडा तपासला, मग खुर्चीत बसूनच राहिले. सगळे डबा खायला गेले, मला कोणी हाक मारली नाही. मारतही नाहीत कधी, ही काही तक्रार नव्हे.

माझा संशय जॅकवर आहे. कॉम्प्युटर सांगतो आणि जॅक तिथे पोचतो, यात किंचित उशीर होतो. तेवढ्यात जोर मोजला गेला तर तो जुन्या जागेचा असतो आणि कॉम्प्युटर त्याला नवा समजतो. मग चुकीवर चूक चढत जाते. पुढचे दोन आठवडे त्या उशिराचा हिशेब जुळवण्यात जाणार. जॅक सोडून दुसरं काही असेल असं मला तरी वाटत नाही. खांबाबद्दल तर प्रश्नच नाही, तो तुझा आहे. बाईंनी विचारलं होतं, "नमुना नीट तपासलात ना?" मी म्हटलं, "बाई, तो माझ्या भावाने केलाय." त्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

तू मात्र मोठं पत्र लिही. चष्म्याची सबब एकदाच चालेल.

चिमी


३ मार्च

चिमे,

पत्र मिळालं. यंत्रंच ती, कुरकुरणार. जॅकचं बघ. तुझ्या हातून सुटेल ते.

इथे सगळं ठीक.

दादा


११ मार्च

दादा,

चार ओळी. त्याही मोजल्या, हो.

उशिराचा हिशेब जुळवला. दोन आठवडे मान मोडून जुळवला. जॅक आता सांगावं तसा हलतो. काल चौथी चाचणी केली, सगळ्यात बारीक पावलांची, आणि उत्तर आलं पन्नास. एकेचाळीस, त्रेचाळीस, सेहेचाळीस, पन्नास. हे कुठे बसायचं लक्षण नाही, हे पळत सुटलंय.

आज बाईंनी बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "पद्धतच चुकीची असू शकते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही." सहा वर्षं, दादा! तुला माहीत आहे मी इथे का राहिले ते. एवढंसं भाड्याचं घर, खाली दुकानदाराचं गोदाम, शेजारी कोण राहतं मला ठाऊक नाही. आजारी पडले तर तिसऱ्या दिवशी कचरावाल्याच्या लक्षात येईल. हे सगळं मी चालवून घेतलं, कारण सकाळी हॉलमध्ये जाऊन करायला हे एक काम होतं. ते चूक असेल तर मी इथे कशाला आहे?

आता आठवडाभर मी कॉम्प्युटरमधली इमारत पहिल्यापासून तपासणार आहे. एकेक तुळई. दुसरं काही सुचत नाही.

आणि तू चार ओळी लिहितोस. माझ्यावर कसला राग असेल तर सरळ सांग. मी खुळ्या पोरीसारखी रोज पत्रपेटीत हात घालून बघते.

चिमी


१८ मार्च

चिमे,

राग नाही. तुझ्यावर कसला राग?

कॉम्प्युटरमधली इमारत तपासू नकोस. माझं एक ऐक. आमच्याकडे एखादं माप जुळेनासं झालं की मी पट्टीला दोष देत नाही आणि कारागिरालाही देत नाही. जे माप सगळ्यात आधी घेतलं होतं तेच परत घेतो, त्याच जागी, तसंच. जुळलं तर गडबड मधे कुठेतरी आहे. नाही जुळलं तर वस्तूच बदलली आहे.

तुझी पहिली चाचणी, ती मोठ्या पावलांची, एकेचाळीसवाली, ती पुन्हा कर. जशीच्या तशी. काही सुधारू नकोस. जॅकचा नवा हिशेबही काढून टाक.

एवढं कर आणि मला कळव. बाकी नंतर.

दादा


२४ मार्च

दादा,

तू कोण आहेस रे? इथे चौघं पदव्या घेऊन बसलेत आणि एकालाही हे सुचलं नाही. मलाही नाही. आम्ही सगळे एकाच दिशेने चालत होतो, मोठ्या पावलांकडून बारीक पावलांकडे. मागे वळून पहिल्या जागी उभं राहावं, हे डोक्यातच आलं नाही.

पहिली चाचणी पुन्हा केली. जुन्या हिशेबाने, जशीच्या तशी. एकेचाळीस यायला हवं होतं. आलं त्रेपन्न.

म्हणजे पावलांचा काही संबंधच नव्हता. दर चाचणीत खांबच थोडा थोडा ढिला होत होता, आणि आम्ही ते बारीक पावलांच्या माथी मारत होतो. मी तिथेच टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये एकटीच होते. पद्धत चूक नाही, दादा! सहा वर्षं फुकट गेलेली नाहीत!

मग खांब तपासला. तळाच्या प्लेटशी जोडावर लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. चीर असली की रंग तिथून वर येतो. तीन बाजूंना काही नाही. भिंतीकडच्या, तिसऱ्या बाजूला पाच मिनिटांत लाल रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापून बघितलं. वरून सुंदर, गुळगुळीत, आणि आत मुळाशी वेल्डिंगने लोखंड धरलेलंच नाही.

मी त्या बाजूला रोज सकाळी हात ठेवत होते.

आता मला सांग, हे त्या पैलवानाने केलं ना? तूच लिहिलं होतंस, हल्ली बरंचसं काम तोच बघतो. पंधरा वर्षं तुझ्या हाताखाली काढली आणि असं काम करून वर ग्राइंडर फिरवून झाकून ठेवलं! ही चूक नव्हे, लबाडी आहे. माझी सहा वर्षं बुडाली असती आणि तुझ्या शिक्क्याला बट्टा लागला तो वेगळाच. या एका खांबाऐवजी खऱ्या इमारतीचा असता तर? रिपोर्टात दोषाचं कारण लिहावं लागतं. बाई म्हणतात, ज्याने वेल्डिंग केलं त्याचं नाव घाला, म्हणजे पुढे त्याला असलं काम कोणी देणार नाही. मीही त्याच मताची आहे. त्याचं पूर्ण नाव कळव. तुला वाईट वाटेल, पण दया दाखवू नकोस.

चिमी


२९ मार्च

चिमे,

हे पत्र पत्र्यावर खुणा करायच्या जाड मार्करने लिहितोय, तेव्हा पानं जास्त होतील. ओळी मोजू नकोस.

पैलवानाने नाही केलं. मी केलं.

डिसेंबरपासून माझ्या नजरेला मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले पडद्यालाच आहे, चष्म्याने जाणार नाही, वाढत जाईल. मी तीनदा जाऊन आलो, तीनदा तेच म्हणाले. गंमत अशी की कडेचं सगळं दिसतं. दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं जातं. तुझं पत्र मी भिंग घेऊन, मान वाकडी करून, एकेक शब्द कडेने पकडत वाचतो. एका पत्राला दोन दिवस लागतात. चार ओळींचं उत्तर रागाने नव्हतं लिहिलं गं.

तुझा खांब जानेवारीत केला. पैलवान म्हणाला, "मालक, हे मी करतो." मी त्याला हाकलला. तुझ्या कामाची वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे काय? दोन बाजू झाल्या, बऱ्या झाल्या. तिसऱ्या बाजूला डाग बरोबर वितळत्या लोखंडावर येऊन बसला. चांगला वेल्डर आवाजावरूनही ओळखतो, पण माझे कान आधीच गेलेले. मग हाताच्या सवयीने ओढत नेलं. शेवटाला पोचलो तेव्हाच मला कळलं होतं की आत पकड नाही. चाळीस वर्षं हेच केलंय, कळणार नाही का? तरी ग्राइंडर मी फिरवला. झाकलं ते मी. चौथी बाजू पैलवानाला दिली, आणि ती चांगली निघाली असं तूच लिहिलंस.

काढून पुन्हा करता आलं असतं. पण मग पैलवानाला सांगावं लागलं असतं की मालकाला दिसत नाही. ते तोंडातून निघेना.

मग तू लिहिलंस की जॅकचा दोष आहे, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तू तुझ्या यंत्राला शिव्या देत होतीस आणि मी त्याच्याआड लपलो होतो. पण तू लिहिलंस की तू तिथे कशाला आहेस, ते वाचायला मला तीन दिवस लागले. परत परत तीच ओळ भिंगाखाली धरत होतो. सरळ लिहायचा तरीही धीर झाला नाही, म्हणून पहिली चाचणी पुन्हा कर असं लिहिलं. तुझं तुलाच कळेल म्हटलं. तर तू पैलवानाच्या मागे लागलीस.

त्याला तीन मुलं आहेत आणि त्याचं वेल्डिंग माझ्यापेक्षा चांगलं आहे. आधीपासूनच होतं, मी कधी त्याला बोलून दाखवलं नाही. रिपोर्टात माझं नाव घाल, पूर्ण. त्याचं एक अक्षर येता कामा नये. नवा खांब तो करतोय, मी हातही लावलेला नाही. पंधरवड्यात मिळेल.

मी आता वेल्डिंग करणार नाही. वेल्डिंगचं तोंडावर धरायचं शील्ड खुंटीला लावलं. यापुढे तुला लिहिणं किती जमेल ते बघू.

तुझा अपराधी,
दादा


७ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागावले होते. तिसऱ्या दिवशी कळलं की राग खांबाचा नाहीच. डिसेंबरपासून तू एकटा त्या डॉक्टरच्या बाकावर जाऊन बसत होतास आणि मला लिहीत होतास की चष्मा बदललाय. मी इकडे तुझ्या ओळी मोजत होते. मला माझीच एवढी शरम वाटली की विचारू नकोस.

मी रिपोर्ट लिहिला. तिसऱ्या बाजूचं वेल्डिंग मुळाशी धरलेलं नव्हतं, हे लिहिलं. तुझं नाव लिहिलं, तू म्हणालास तसं. आणि खाली एक वाक्य घातलं: दोषाकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं ते खांब बनवणाऱ्यानेच. बाईंनी ते वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, "माझ्या तीस वर्षांत असं कोणी केलेलं नाही." मुदत वाढवून दिली त्यांनी.

पैलवानाबद्दल मी जे लिहिलं त्याची लाज वाटते. ते पत्र जाळून टाक.

आता ऐक, आणि मान हलवू नकोस. तू माझ्याकडे ये. घर लहान आहे, पण खिडकी दक्षिणेला आहे आणि उजेड भरपूर. तुला कडेचं दिसतं ना? मग मी कडेला बसत जाईन. मला सकाळी निघताना "येते" म्हणायला कोणी नाही, संध्याकाळी कुलूप उघडून मी स्वतःलाच "आले" म्हणते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. वर्कशॉप पैलवान बघेल. तुझं तिथे आता काय अडलंय? वेल्डिंग येत नाही म्हणून तू माझा दादा कमी झालास का, मूर्खा?

लवकर कळव. एक ओळ लिहिलीस तरी चालेल. खरंच चालेल.

तुझी चिमी


२१ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. टपाल कुठे अडकलं का?

नवा खांब आला. चारही बाजू आधी तपासल्या, एक चीर नाही. पैलवानाला माझ्याकडून सांग. चाचण्या झाल्या: एकोणचाळीस, चाळीस, साडेचाळीस, आणि मग साडेचाळीसच्या केसभर वर. बसलं, दादा! मग पहिली पुन्हा केली, तुझ्या पद्धतीने. एकोणचाळीस, तंतोतंत. आता इथे नियमच झालाय, शेवटी पहिली चाचणी पुन्हा करायची. तो माझ्या भावाचा नियम आहे असं मी सगळ्यांना सांगते.

सगळ्यांनी अभिनंदन केलं, मग सगळे आपापल्या घरी गेले. हे मला तुला सांगायचं होतं आणि तू काही बोलत नाहीस.

तू येणार की नाही एवढं तरी लिही.

चिमी


२ मे

चिमे,

अक्षर पैलवानाचं आहे, सांगतोय मी.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तू म्हणतेस ते बरोबरच आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. विश्वासाने काम दिलंस आणि मी ते झाकून पाठवलं, त्याला माफी कशी मागायची हे मला येत नाही. रिपोर्टात काय लिहिलंस ते मी विचारणार नाही, जे लिहिलं असशील ते योग्यच. नव्या खांबाचं काय झालं ते मात्र कधीतरी कळव. बसलं का उत्तर, एवढंच.

मला यापुढे पत्र लिहायचा त्रास घेऊ नकोस. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. संध्याकाळी खिडकीशी बसतो. तू तुझ्या कामाकडे बघ, माझ्याकडे बघून आता उपयोग नाही.

दादा

ताई, मालकांनी सांगितलं ते वर लिहिलं. यापुढचं माझं आहे, त्यांना माहीत नाही.

तुमची दोन पत्रं आली तेव्हा मालकांना भिंगानेही वाचता येईना. आठ दिवस ते पान उन्हात धरून बसत होते. मी म्हटलं, द्या, वाचून दाखवतो, कानाशी जोरात बोललं की त्यांना ऐकू येतं. तर माझ्यावर ओरडले, घरचं पत्र आहे म्हणाले. मग म्हणाले, "त्यात तुझ्याबद्दल काही वाईट असेल तर तू ऐकायचं नाहीस." माझ्याबद्दल काय असणार ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. दुसरं पत्र तर त्यांनी उघडलंच नाही. दोन्ही शर्टाच्या खिशात असतात. शर्ट बदलला की आधी ती काढून नव्या शर्टात घालतात. पत्रात काय आहे ते त्यांनी मनानेच धरलंय आणि त्याचं उत्तर मला लिहायला लावलं.

शटर उघडण्याच्या वेळी ते रोज येऊन बसतात, मग आत जातात. दिवसभरात माझ्याशी दहा शब्द बोलत असतील. त्यातले दोनतीन तुमच्याबद्दल असतात, पण ते असे की तुम्ही लांब गेलात.

तुम्ही पत्रात काय लिहिलंय ते मला माहीत नाही. रागाचं असेल तर तुमचा हक्क आहे, मी मधे पडत नाही. रागाचं नसेल तर ताई, आता पत्राने व्हायचं नाही.


५ मे

पैलवान,

हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय, माझ्या एक दिवस आधी तुमच्या हातात पडेल. मी शनिवारी दुपारी पोचते.

तोवर एक काम करा. आत्ता, हातातलं काम टाकून आत जा, आणि त्यांच्या कानाशी जेवढं मोठ्याने ओरडता येईल तेवढं ओरडून सांगा की रागाचं नाही. दोन्हीही नाहीत. पत्रं खिशातच राहू देत, ती मी येऊन वाचून दाखवणार आहे.

आणि ते खरं मानणार नाहीत. पुन्हा सांगा.

ताई